योगसाधकाचं साप्ताहिक तेलस्नान: तेल निवडण्यापासून दुसऱ्या दिवशीच्या सरावापर्यंत

म्हैसूरच्या अष्टांग विन्यास योगात, म्हणजे श्वासाच्या मोजणीवर ठरलेल्या क्रमाने आसनं करण्याच्या पद्धतीत, आठवड्याचे सहा दिवस आसनांचा सराव असतो. परंपरेने शनिवारी सुट्टी, आणि त्या सुट्टीत एक काम ठरलेलं: डोक्यापासून तळपायापर्यंत एरंडेल चोळायचं, ते मुरू द्यायचं आणि गरम पाण्याने न्हायचं. या पद्धतीचे गुरू के. पट्टाभी जोईस (१९१५–२००९) आपल्या विद्यार्थ्यांना हे आवर्जून करायला सांगत. हासनजवळच्या कौशिक गावात जन्मलेल्या जोईसांना ही रीत घरातूनच ठाऊक असणार, कारण कर्नाटकात आणि तामिळनाडूत आठवड्याला तेल लावून न्हाणं जुनंच आहे. तिकडे बऱ्याच घरांत पुरुषांसाठी बुधवार-शनिवार आणि बायकांसाठी मंगळवार-शुक्रवार असे वारही ठरलेले असतात. जोईसांच्या शाळेत ही रीत सरावाच्या वेळापत्रकात बसली आणि तिथून जगभरच्या विद्यार्थ्यांपर्यंत गेली.

आपल्याकडे हे स्नान बहुतेक घरांत दिवाळीच्या पहाटेपुरतं उरलं आहे. तेल, उटणं, कढत पाणी हे सामान आपल्या ओळखीचं आहे आणि चोळून घ्यायची सवयही. ते आठवड्याला किंवा पंधरवड्याला कसं करावं आणि आसनांच्या सरावाशी त्याचा मेळ कसा घालावा, एवढंच शिकायचं आहे. तुम्ही अष्टांग करत असा, अय्यंगार पद्धत करत असा किंवा सोसायटीच्या सभागृहात सकाळच्या योगवर्गाला जात असा, आठवड्यातून चार-पाच दिवस घाम निघेपर्यंत सराव होत असेल तर पुढचं सगळं तुमच्या उपयोगाचं आहे.

एका गोष्टीबद्दल मात्र मी आग्रही आहे. तेलस्नान हा विश्रांतीच्या दिवसाचा भाग आहे. सराव आटोपून, ऑफिस गाठायच्या घाईत अंगाला तेल फासून अंघोळ केली तर त्यातून काही हाती लागत नाही, उलट निसरड्या फरशीवर पडायचा धोका तेवढा वाढतो.

यातून काय मिळतं

म्हैसूरच्या परंपरेचं म्हणणं असं की रोजच्या जोरकस सरावाने शरीरात उष्णता साठते, पित्त वाढतं, सांधे आणि पाठ कडक होतात, आणि तेलस्नानाने ती उष्णता उतरते. आयुर्वेदात वाग्भटाने अष्टांगहृदय या ग्रंथाच्या दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणं, थकवा आणि वात घालवणारा, चांगली झोप देणारा, त्वचेला हितकर असा सांगितला आहे, आणि डोकं, कान व पाय यांवर तो विशेष करावा असं म्हटलं आहे.

आजच्या शरीरशास्त्राच्या नजरेने पाहिलं तर तेल त्वचेच्या वरच्या थरांपलीकडे फारसं जात नाही. ते गुडघ्याच्या सांध्यात उतरून वंगण घालत नाही. अंगातली ‘विषं’ ओढून काढण्याची गोष्टही सिद्ध झालेली नाही. पण मालिशने श्रमानंतरचा स्नायूंचा दुखरेपणा थोडा कमी होतो, तेलाच्या थरामुळे त्वचेतला ओलावा टिकतो आणि गरम पाण्याने शरीर सैलावतं. हे काही कमी नाही.

माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा भाग याहून वेगळा आहे. अर्धा तास स्वतःच्या अंगावरून सावकाश हात फिरवताना कळतं की उजवी पोटरी डावीपेक्षा घट्ट आहे, चतुरंग दंडासनाने (सूर्यनमस्कारात हातांवर तोल धरून जमिनीलगत जाण्याच्या आसनाने) खांद्याचा पुढचा भाग दुखरा झाला आहे, मांडीमागच्या स्नायूचं बसायच्या हाडापाशी असलेलं टोक दाबलं की कळ येते. सरावात श्वास आणि मोजणी सांभाळताना या गोष्टी निसटून जातात. इथे त्या बोटांना सापडतात, आणि पुढच्या आठवड्यात कुठे हात आखडता घ्यायचा हे ठरवता येतं.

कुणी करू नये, कुणी विचारून करावं

ताप, सर्दी, छातीत कफ, अपचन किंवा जुलाब असतील त्या आठवड्यात तेलस्नान सोडून द्या. वाग्भटानेही कफाने ग्रासलेल्यांना, अजीर्ण झालेल्यांना आणि नुकतंच वमन-विरेचन (औषधाने उलटी-जुलाब करवणं) घेतलेल्यांना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. उघडी जखम, गजकर्ण, पुरळ असलेल्या जागी तेल नको. डोक्यात चिकट पिवळट कोंडा होत असेल तर टाळूवर तेल लावून तो वाढू शकतो. अशा वेळी अंगाला लावा, डोकं वगळा आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

नुकताच स्नायू लचकला असेल, सूज असेल तर पहिले दोन-तीन दिवस त्या भागाला चोळणं आणि शेकणं दोन्ही टाळा. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर तिला अजिबात चोळू नका. रक्ताची गुठळी असू शकते, तेव्हा त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गरोदरपण, हृदयविकार, रक्तदाबाचा त्रास यांत आधी विचारून घ्या, कारण कढत पाण्याने रक्तदाब एकदम खाली येऊन भोवळ येऊ शकते. मधुमेहात पायाची संवेदना कमी झाली असेल तर पाण्याची ऊब पायाने जोखू नका, कोपराने किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या. मासिक पाळीच्या पहिल्या तीन दिवसांत म्हैसूर परंपरेत सराव आणि तेलस्नान दोन्हींना सुट्टी असते. पाळीत अंग तसंही थकलेलं असतं, त्यामुळे ही सुट्टी घ्यावी असं मलाही वाटतं.

तेल पहिल्यांदाच वापरत असाल तर कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून दोन दिवस थांबा. तिळाची ॲलर्जी असणारे लोक असतात, एरंडेलानेही काहींना खाज सुटते.

तेल कोणतं

म्हैसूरची पसंती एरंडेलाला. ते इतर तेलांपेक्षा खूपच दाट आणि चिकट असतं. हळूहळू पसरतं, अंगावर टिकून राहतं, आणि धुवायला सगळ्यात अवघड. त्वचेवर लावायला थंड दाबाने काढलेलं, पारदर्शक फिकट पिवळं एरंडेल घ्या. पोट साफ करायला ते पितात हे सगळ्यांना ठाऊक असल्याने बाटली लहान मुलांच्या हाती लागेल अशी ठेवू नका.

लांब केस असणाऱ्यांना एक सावधगिरीची सूचना. नुसतं एरंडेल लांब केसांत घालून जोरजोराने चोळलं आणि वरून पाणी ओतलं तर क्वचित केसांचा असा घट्ट गुंता होतो की तो सोडवता येत नाही, कापावा लागतो. म्हणून केसांसाठी एक भाग एरंडेल आणि तीन भाग खोबरेल किंवा तिळाचं तेल असं मिश्रण करा. ते टाळूवर बोटांनी जिरवा, केसांच्या लांबीवर नुसता हात फिरवा.

सुरुवात करणाऱ्या कुणालाही मी घाण्याचं तिळाचं तेल सुचवेन. ते चोळायला सोपं, धुवायला सोपं, आणि आपल्या दिवाळीच्या अभ्यंगाचंही तेच. घाण्यावर घेताना भाजलेल्या तिळाचं नको, कच्च्या तिळाचं मागा. भाजलेल्याचा वास दोन दिवस अंगाला राहतो. उन्हाळ्यात कोकणात आणि गोव्यात खोबरेल बरं वाटतं. मोहरीचं तेल नाजूक त्वचेला झोंबतं, ते टाळलेलं बरं. दिवाळीत मिळणाऱ्या सुगंधी तेलांची लेबलं वाचा, अनेकांत मुख्य घटक खनिज तेल असतं. क्षीरबला, महानारायण ही औषधी तेलं वैद्यांनी सुचवली तरच वापरा.

एका वेळेला डोक्याला दोन-तीन चमचे (लांब केसांना पाच-सहा) आणि सगळ्या अंगाला ५० ते ७५ मिलिलिटर तेल पुरतं. तेवढंच एका वाटीत काढून कोमट करा. पुन्हा पुन्हा तापवलेलं तेल लवकर खवट होतं, आणि खवट वास आला की ते टाकून द्यायचं.

दिवस आणि वेळ

तुमच्या सरावाला सुट्टी असेल तोच दिवस. बऱ्याच जणांसाठी तो रविवार असतो आणि रविवार उत्तम आहे. शनिवार धरायचा असेल तर तेल आदल्या दिवशीच आणून ठेवा, कारण शनिवारी तेल विकत घेऊ नये असं आपल्याकडे पुष्कळ घरांत मानतात. काही घरांत शनिवारी बायका डोक्यावरून न्हात नाहीत, काही घरांत एकादशीला किंवा अमावास्येला तेल लावत नाहीत. त्या घरातल्या साधिकेने शुक्रवार धरावा, दक्षिणेतही बायकांचा वार तोच. घरातल्या मोठ्यांशी वाद घालून केलेल्या तेलस्नानाने कुणाला विश्रांती मिळत नाही.

वेळ सकाळची, उपाशीपोटी किंवा चहाचा कप घेऊन. जेवणानंतर करायचं झालं तर निदान अडीच-तीन तास जाऊ द्या. उन्हं वर आल्यावर, साधारण आठ-नऊच्या सुमाराला न्हाणीघर उबदार असतं. आणि पुढचे चार तास मोकळे असतील तेव्हाच हे हाती घ्या.

तयारी

न्हाणीघरात बसायला लाकडी पाट किंवा बुटकं प्लॅस्टिकचं स्टूल. पायाखाली रबरी मॅट किंवा ओला पिळून पसरलेला जुना टॉवेल. एरंडेल लागलेल्या पायांनी फरशीवर उभं राहू नका, एका पायावर तर मुळीच नाही. घरात माणूस असेल तर आतून कडी लावू नका, आणि एकटे असाल तर फोन हाताच्या अंतरावर ठेवा.

बाकीचं सामान असं: तेलाची वाटी आणि ती ठेवायला गरम पाण्याचं भांडं, जुना पंचा, चार-पाच जुने वर्तमानपत्राचे कागद, वाडगाभर उटणं किंवा पीठ, शिकेकाई, बादलीभर कढत पाणी, विसण घालायला गार पाणी, तांब्या आणि न्हाऊन झाल्यावर घालायचे सैल सुती कपडे. तेलाची वाटी थेट गॅसवर ठेवू नका. गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवली की मनगटाच्या आतल्या बाजूला सुखद वाटेल इतकं कोमट होतं, तेवढं पुरे.

पहिले चार आठवडे

पहिल्याच खेपेला सर्वांगाला एरंडेल लावून तास-दीड तास बसायची हौस अनेकांना असते. जोईसांच्या परंपरेत असं करत नाहीत. सुरुवात फक्त डोक्यापासून, पाच-दहा मिनिटांची, मग दर आठवड्याला थोडी थोडी वेळ वाढवत न्यायची. कारण साधं आहे: सवय नसताना जास्त तेल आणि जास्त कढत पाणी मिळालं की डोकं जड होतं, दिवसभर ग्लानी येते, काहींना दुसऱ्या दिवशी सर्दी होते, आणि मग माणूस हा नाद सोडून देतो.

मी सुचवतो तो क्रम असा. पहिल्या आठवड्यात टाळू आणि तळपाय, दहा मिनिटं. दुसऱ्या आठवड्यात त्यात हात आणि पाय, पंधरा मिनिटं. तिसऱ्या आठवड्यात पाठ, कंबर, पोट, छाती धरून सर्वांग, वीस मिनिटं. चौथ्यात तेवढंच, पण तेल मुरायला आणखी दहा मिनिटं. पुढे दर खेपेला पाच मिनिटं वाढवत एक तासापर्यंत जा. म्हैसूरला जुने साधक दोन-दोन तास तेल ठेवतात. रोज दीड-दोन तास सराव करणाऱ्याला ते मानवत असेल, आठवड्यातून चार दिवस तासभर आसनं करणाऱ्याला तासापलीकडे जायचं कारण मला दिसत नाही.

तेल चोळणं

आधी शौच-मुखमार्जन उरकून घ्या. अंगठी, घड्याळ, गळ्यातलं काढून ठेवा. पाटावर बसा.

सुरुवात टाळूपासून. तळहातावर चमचाभर तेल घेऊन लहान बाळाची टाळू भरतात त्या जागी हळूच थोपटा, मग बोटांच्या पेरांनी टाळू हलवत मागे मानेच्या खाचेपर्यंत या. नखं लावू नका. कानाच्या पाळ्या, कानामागचा भाग, कपाळाच्या दोन्ही बाजू. कानाच्या आत तेल घालायची जुनी रीत आहे, पण पडद्याला भोक आहे की नाही हे घरी कळत नाही, म्हणून बाहेरूनच लावा. डोळ्यांच्या आसपास एरंडेल नेऊ नका.

मग मान आणि खांदे. रोज सूर्यनमस्कार घालणाऱ्यांचा इथेच जास्त वेळ जायला हवा. डाव्या हाताने उजव्या खांद्याचा वरचा जाड स्नायू चिमटीत धरा, सोडा, पुन्हा धरा, आणि असं मानेकडून खांद्याच्या टोकापर्यंत जा. काखेच्या पुढची कड आणि छातीचा खांद्याजवळचा भाग अंगठ्याने सावकाश दाबा. चतुरंग दंडासनात हा भाग आखडतो. दंड आणि हात लांब, सरळ हातांनी चोळायचे, कोपर आणि मनगट गोल गोल. मनगटाच्या आतल्या बाजूपासून तळहाताच्या मध्यापर्यंत अंगठा दाबत न्या, मग एकेक बोट ओढून मोकळं करा.

पोटावर तळहात सपाट ठेवून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा, जोर नको. पाठीचा वरचा भाग स्वतःला पोहोचत नाही. घरातल्या कुणाचा हात मिळाला तर उत्तमच, नाही तर पंचाचं एक टोक तेलात भिजवून, दोन्ही हातांनी धरून पाठीवरून तिरका ओढा. कंबरेला दोन्ही मुठी लावून वर-खाली.

मांड्या आणि पोटऱ्या घोट्याकडून वर, हृदयाच्या दिशेने. मांडीमागच्या स्नायूच्या पोटाला भरपूर चोळा, पण बसायच्या हाडाजवळ जिथे तो जोडलेला असतो ती जागा दुखत असेल तर तिच्यावर जोर देऊ नका. पश्चिमोत्तानासनात (पाय लांब करून बसून पुढे वाकताना) हट्ट केल्याने तिथे दुखणं आलेलं असतं आणि दाबून ते वाढतं. गुडघ्याच्या वाटीभोवती गोल. मागच्या खळगीत हलक्या हाताने, कारण तिथे रक्तवाहिन्या आणि नसा अगदी वरच असतात.

शेवटी पाय. काशाची वाटी घरात असेल तर ती काढा. तळपायाला तेल किंवा तूप लावून टाचेपासून बोटांकडे आणि परत अशी पाच-सात मिनिटं घासली की डोळे जड व्हायला लागतात. तळपाय करडे-काळे होतात तो रंग काशाच्या आणि तेल-घामाच्या घर्षणातून येतो, त्याला भ्यायचं कारण नाही. तळपायाला शेवटीच हात लावायचा आणि त्यानंतर उठायचं नाही.

आता तेल मुरू द्या. अंगाभोवती जुनं धोतर किंवा पंचा गुंडाळून शांत बसून राहा. या वेळात फोन नको, आसनंही नकोत. तेल अंगावर असताना ‘शरीर मोकळं झालंय तर थोडं वाकून बघू’ असा मोह होतो. घसरून कंबर धरण्याचा तो सरळ रस्ता आहे.

तेल उतरवणं

बहुतेकांची गडबड इथे होते. तेल लागलेल्या अंगावर आधी पाणी ओतू नका. पाण्याने तेल निघत नाही, एरंडेल तर आणखी चिकट लागतं.

पहिल्यांदा कागदाने किंवा पंचाने जास्तीचं तेल टिपून घ्या, तळपायापासून सुरू करून. मग कोरडंच पीठ. दोन वाट्या बेसन किंवा मसुरीचं पीठ आणि त्यात मूठभर उटणं (नागरमोथा, आवळकाठी, कपूरकाचरी, गव्हला-कचोरा असलेलं) पुरतं. तेलाने माखलेल्या कोरड्या त्वचेवर पीठ चोळलं की ते तेल शोषून घेतं आणि त्याच्या वळ्या सुटतात. त्या खाली पसरलेल्या कागदावर पडू द्या. हा कागद ओल्या कचऱ्यात टाकायचा. मोरीच्या जाळीत तेल आणि पीठ एकत्र गेलं की त्याचा गोळा होऊन पाणी तुंबतं, आणि सोसायटीत खालच्या मजल्यापर्यंत कटकट होते.

एवढं झाल्यावर पाणी. कढत पाण्यात विसण घालून ते अंगाला सोसेल असं करा, ३८ ते ४० अंश पुरे. खांद्यांपासून खाली तांब्याने ओता आणि उरलेलं पीठ पाण्यात कालवून पुन्हा एकदा चोळा. डोक्यावर मात्र कढत पाणी घेऊ नका. मानेखाली ऊन पाणी बळ देतं आणि तेच डोक्यावर घेतलं तर केसांना व डोळ्यांना अपाय करतं, असं वाग्भटाने सांगितलं आहे. टाळूवर फार गरम पाणी घेऊ नये हे आजचे त्वचेचे डॉक्टरही सांगतात. डोक्यासाठी वेगळी कोमट बादली ठेवा.

केसांना शिकेकाई. दोन-तीन मोठे चमचे पूड कोमट पाण्यात कालवून दहा मिनिटं भिजवा आणि पातळसर लगदा करा. एरंडेल लावलं असेल तर त्यात भिजवलेल्या रिठ्याचं पाणीही घाला, त्याला फेस येतो आणि तेल सुटतं. डोकं मागे कलतं करून, डोळे घट्ट मिटून लगदा लावा. शिकेकाई डोळ्यात गेली तर फार झोंबते. बोटांनी टाळू धुवायची, केस एकमेकांवर घासायचे नाहीत. पहिल्या धुण्यात सगळं तेल निघत नाही, दुसऱ्यांदा लावा. तरीही राहिलं तर सौम्य शाम्पू वापरायला काहीच हरकत नाही. अंगाला साबण शक्यतो नको, पिठानंतर राहणारा तेलाचा पातळ थर राहायलाच हवा.

उठताना घाई करू नका. दोन मिनिटं बसून राहा, भिंतीचा आधार घ्या, मग उभे राहा.

उरलेला दिवस

डोकं लगेच पुसून कोरडं करा, विशेषतः पावसाळ्यात आणि थंडीत. सैल कपडे घालून पंधरा-वीस मिनिटं शवासनात पडा. खोली गार असेल तर अंगावर चादर घ्या. गाढ झोप लागेल असं वाटतं, पण तेलस्नानानंतर दिवसा झोपू नये अशी दक्षिणेतली रीत आहे. पडून राहावं, दुपारी झोपून रात्रीची झोप घालवू नये, असा तिचा अर्थ मी घेतो.

जेवण ऊन आणि साधं. मऊ भात, मेतकूट, तूप. किंवा वरण-भात, लिंबाची फोड. म्हैसूरकडे सार-भात खातात. दही, आइस्क्रीम, फ्रिजमधलं पाणी त्या दिवशी नको.

उन्हात हिंडणं, पोहणं, जिमला जाणं, लांबचा प्रवास, आणि अर्थात आसनांचा सराव, हे सगळं बंद. सुट्टीच्या दिवशी नुसतं बसून राहायला अनेक साधकांना जड जातं, काही तरी राहून गेल्यासारखं वाटतं. पण सहा दिवस ताणलेले स्नायू ज्या दिवशी सावरतात तो हाच दिवस. प्राणायामाची सवय असेल तर संध्याकाळी दहा मिनिटं अनुलोम-विलोम करा, कपालभाती-भस्त्रिका नको.

दुसऱ्या दिवशी

तेलस्नानानंतरच्या सकाळी शरीर हलकं आणि मऊ लागतं. दंडासनात पाय सहज लांबतात, पाठ वाकते. याच दिवशी सगळ्यात जास्त सांभाळायचं आहे. मऊ वाटतंय म्हणून नेहमीच्या हद्दीपुढे गेलात तर जोड दुखावतात आणि ते दोन दिवसांनी कळतं. सूर्यनमस्कार सावकाश घाला, पुढे वाकण्याच्या आसनांत नेहमीपेक्षा थोडं आधीच थांबा, आणि कालच्या चोळण्यात जी जागा दुखरी सापडली होती तिच्याकडे लक्ष ठेवून काम करा.

सरावाआधी हात-पाय साबणाने धुवून घ्या. तळव्यांवर एरंडेलाचा अंश राहतो आणि अधोमुख श्वानासनात हात सरकतो. रबरी मॅटवर तेल लागलं तर ती हळूहळू खराब होते, म्हणून पहिल्या दिवशी वर सुती चटई किंवा टॉवेल घाला.

पंचे, टॉवेल आणि परदेशातली घरं

तेलाचे पंचे वेगळे ठेवा. गरम पाणी आणि धुण्याचा सोडा घालून रात्रभर भिजवा, मग धुवा. दोन-तीन महिन्यांनी खवट वास यायला लागला की फरशी पुसायलाही ठेवू नका, टाकून द्या. अमेरिकेत, युरोपात राहणाऱ्यांसाठी हे नीट सांगायला हवं: तेल मुरलेले टॉवेल कपडे वाळवायच्या यंत्रात घालू नका. धुतल्यावरही कापडात तेल उरतं, गरम यंत्रात आणि नंतर घडी करून ठेवलेल्या ढिगात ते आपोआप तापत जाऊन पेट घेऊ शकतं. दोरीवर, हवेत पसरून वाळवा. टबमध्ये उभं राहून तेल लावू नका. टबाबाहेर स्टुलावर बसून लावा, पिठाने पूर्ण उतरवा, मगच टबात पाय ठेवा. पंचवीस वर्षांच्या माणसालाही टबात तेल लागलेल्या पायांनी तोल सावरत नाही.

ऋतू आणि प्रमाण

थंडीत, हेमंत-शिशिरात, आठवड्याला एकदा. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत तर अंगाला दोनदाही चालेल, डोक्याला एकदाच. उन्हाळ्यात खोबरेल आणि कमी वेळ, पाणी कोमटच. पावसाळ्यात केस वाळत नाहीत आणि सर्दी लवकर धरते, म्हणून त्या चार महिन्यांत मी डोकं पंधरा दिवसांनी आणि तळपाय आठवड्याला असं सुचवेन. वसंतात कफ वाढला असेल तर तेल कमी, उटणं जास्त.

स्नानानंतर दिवसभर डोकं जड राहिलं, भूक मेली, दुसऱ्या दिवशी नाक वाहायला लागलं किंवा सरावात ताकदच लागली नाही, तर वेळ निम्मी करा, तेल बदला, पाणी कमी तापवा. पाठीवर-कपाळावर बारीक पुटकुळ्या आल्या तर तिळाऐवजी दुसरं तेल वापरून पाहा आणि उतरवताना पिठाचा एक हात जास्त फिरवा. तीन-चार खेपा बदल करूनही अंगाला मानवत नसेल तर सर्वांगाचा हट्ट सोडा. रविवारी रात्री झोपताना काशाच्या वाटीने फक्त तळपाय चोळून, जुने मोजे घालून झोपलात तरी सोमवारच्या पहिल्या सूर्यनमस्काराला पाय मोकळे लागतात.